परसातल्या कोंबड्यांसाठी नवं खुराडं: जागा, माप, जाळी आणि बसवणं, नेमक्या क्रमानं

एखाद्या वळवात जुन्या खुराड्याचा पत्रा उडतो किंवा एका रात्रीत चार कोंबड्या जातात. मग दुसऱ्या दिवशी बाजार गाठून समोर दिसेल ते खुराडं टेम्पोत घालून आणलं जातं. घरी आल्यावर त्याला जागा शोधायची, मग कोंबड्या मावत नाहीत म्हणून चिडचिड, आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तीच खरेदी. यात पैसे तर जातातच, पण पाळलेला जीवही जातो, आणि हे टाळता येण्यासारखं असतं. क्रम बदला. जुनं का गेलं ते आधी पाहा, मग कोंबड्या मोजा, मग जागा ठरवा. दुकान त्यानंतर.

आपल्या बेळगाव भागात एकच नमुना सगळीकडे चालत नाही, हेही ध्यानात घ्या. कणकुंबी, जांबोटी, खानापूरकडे पाऊस आणि ओल हा मुख्य शत्रू. अथणी, रायबागकडे एप्रिल-मेचं ऊन. बेळगाव, निपाणी, हुक्केरी यांच्या आसपास दोन्हींचा थोडाथोडा विचार करावा लागतो. खाली जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

काम शिमग्यानंतर सुरू करून एप्रिलअखेर संपवा. वळीव सुरू झाला की माती ओली होते, रंग वाळत नाही आणि फॅब्रिकेटरकडे पत्र्याच्या कामांची रांग लागते.

टप्पा १: जुनं खुराडं कशानं गेलं ते तपासा

मोडून जळणात टाकण्याआधी त्याला अर्धा तास द्या.

आधी पाय. जमिनीपासून चार-सहा बोटांवर, जिथे माती, पाणी आणि वारा तिन्ही लागतात, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. लाकूड कुजलेलं असेल तर टोक लोण्यात जावं तसं आत जातं आणि बाहेर काढताना वाळवीची माती सोबत येते. लोखंड असेल तर गंजाचे पापुद्रे सुटतात आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याला टणत्कार न येता बद्द आवाज येतो. असं असेल तर जाळी कितीही भारी घ्या, पाया दगडी किंवा काँक्रीटचा केल्याशिवाय नवंही टिकणार नाही.

मग जाळी. मधोमध तार तुटून भोक पडलं असेल तर जाळी पातळ होती. चौकटीच्या कडेला उचकटली असेल तर जाळी बरी होती, बसवणं कच्चं होतं. जाळी शाबूत आणि खाली माती उकरलेली असेल तर दोष जमिनीलगतच्या बंदोबस्ताचा.

कोण येतं याचा अंदाज खुणांवरून बांधता येतो. दिवसाढवळ्या पिल्लं किंवा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) जात असतील आणि अंड्यांची फुटकी टरफलं मागे राहत असतील, तर बहुधा मुंगूस. अंडी टरफलासकट गायब आणि झटापटीची खूण नाही, तर साप. रात्री येऊन मान चावलेल्या कोंबड्या मागे टाकून जाणारं उदमांजर किंवा रानमांजर असतं. उदमांजराला काही गावांत कांडेचोर म्हणतात. खुराडं ढकलून पाडलेलं किंवा बुडाशी मोठं खणलेलं दिसलं तर कुत्री किंवा कोल्हा. पिल्लं एकेक करून कमी होतात आणि कोपऱ्यात बिळाचं तोंड आहे, तर घूस.

शेवटी किडे. रात्री बॅटरी घेऊन जा. बसायच्या दांड्याच्या खालून आणि टोकाच्या फटीतून पांढरा कागद दाबून फिरवा. लाल रेघ उमटली तर रक्त पिणारे बारीक किडे आहेत. कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या भेगेत दडून बसते, रात्री अंगावर चढते आणि रक्त न पिताही महिनोन्‌महिने जिवंत राहते.

सावधान: किडे किंवा गोचीड सापडली तर जुना दांडा, अंड्याचं खोकं, फळ्या यांतलं काहीही नव्या खुराड्यात वापरू नका. “दांडा चांगला आहे, कशाला टाकायचा” असं म्हणून ठेवलेला एक दांडा नवं खुराडं आठ-पंधरा दिवसांत भरून टाकतो. जाळून टाका.

टप्पा २: कोंबड्या मोजा, पण आजच्या नाही

वर्षात जास्तीत जास्त किती मोठ्या कोंबड्या रात्री आत असतील, तो आकडा धरा. खुडूक (अंडी उबवायला बसणारी) कोंबडी बसवून पिल्लं काढत असाल तर चार महिन्यांनी वाढणारी तलंगंही त्यात आली.

दिवसभर बाहेर फिरून फक्त रात्री आत येणाऱ्या गावठी कोंबडीला किमान २ चौरस फूट जागा द्या. गिरिराज, स्वर्णधारा यांसारख्या अंगानं मोठ्या जातींना ३ चौरस फूट. दिवसाही कोंडून ठेवायच्या असतील तर खुराड्यात ४ चौरस फूट आणि त्याला जोडून जाळीच्या आवारात कोंबडीमागे ८ ते १० चौरस फूट.

बसायचा दांडा कोंबडीमागे ९ इंच. अंड्याचं खोकं चार कोंबड्यांमागे एक, १२ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. मोठ्या जातींना १४ इंच.

उदाहरण घ्या: १२ गावठी कोंबड्या, २ कोंबडे. जागा १४ × २ म्हणजे २८ चौरस फूट, म्हणजे ४ × ७ फुटांचं खुराडं. दांडा १४ × ९ म्हणजे १२६ इंच, साडेदहा फूट; ७ फुटी दोन दांडे घातले की पुरून उरतो. खोकी ३.

दुकानदार “पंचवीस कोंबड्यांचं” म्हणून दाखवतो ते अनेकदा ४ × ३ फुटांचं असतं. त्यात उभ्या कोंबड्या पंचवीस मावतीलही, पण निवांत झोपतील अशा सहाच. विकणाऱ्याचा आकडा ऐकूच नका. टेप लावा, लांबी-रुंदी गुणा, दोननं भागा. अंड्याच्या खोक्याची जागा आणि माळ्यासारखा वरचा कप्पा या हिशेबात धरू नका.

कोंबून भरल्यावर पहिल्यांदा बिघडते ती हवा. लेंड्यांतून अमोनियाचा उग्र वास सुटतो, डोळे पाणावतात, सर्दी सुरू होते. एकमेकींची पिसं उपटणंही गर्दीतूनच वाढतं.

टप्पा ३: जागा ठरवा आणि तिथे पाणी ओतून पाहा

परड्यात सगळ्यात उंच जागा शोधा. घराच्या पागोळ्या जिथे पडतात ती जागा बाद. जागा पक्की करण्याआधी तिथे चार बादल्या पाणी एकदम ओता. दहा मिनिटांत पाणी उतरून गेलं तर ठीक. डबकं राहिलं तर चिरे आणि मुरूम टाकून जागा अर्धा फूट उचला, नाहीतर दुसरी बघा.

दिशा: लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अरुंद बाजूंवर पडतं आणि आतपर्यंत घुसत नाही. पश्चिमेची अरुंद बाजू पूर्ण बंद करा, कारण पावसाळी वारा आणि झड तिकडूनच येते.

भिंतीला चिकटवू नका. चारही बाजूंनी माणूस फिरेल एवढं, निदान दोन फूट अंतर हवं. भिंत आणि खुराडं यांच्यातल्या बोळात घुशी बीळ करतात, आणि घुशींच्या मागे साप येतो. जळणाचा ढीग, जुने चिरे, कौलांची रास शेजारी असेल तर आधी ती हलवा.

आंब्या-फणसाची सावली उन्हाळ्यात मोलाची, अथणीकडे तर सावलीशिवाय खुराडं ठेवूच नये. पण फांदी छपरापासून सहा फुटांच्या आत नको, उदमांजर फांदीवरून थेट छपरावर उतरतं. माडाखाली अजिबात नको. विहीर लांब असू द्या. आणि रात्री काही झालं तर आवाज घरात यायला हवा, इतपत खुराडं घराजवळच असू द्या.

सावधान: भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत बिबट्या येतो तिथे परसात सुटं उभं केलेलं कोणतंही खुराडं पुरेसं नाही. तिथे गोठ्याला किंवा घराला लागून, पक्क्या भिंतीची आणि पक्क्या दाराची खोलीच करावी लागते. भिंतीपासून अंतर ठेवायचा वरचा नियम तिथे बाजूला ठेवा आणि घुशींचा बंदोबस्त काँक्रीटच्या जमिनीनं करा.

टप्पा ४: खुराडं कशाचं घ्यायचं

खानापूरकडे आमची पसंती स्पष्ट आहे: दीड फूट उंचीचा चिऱ्याचा किंवा विटांचा कट्टा, आत काँक्रीटची जमीन, त्यावर लोखंडी चौकट आणि जाळी, वर कौलं किंवा पत्रा. खर्च एकदाच होतो आणि ओल खालून चढत नाही. कौलं वापरणार असाल तर उतार चांगला ठेवा, ४ फूट रुंदीला साधारण २ फूट, नाहीतर झडीत पाणी कौलाखाली मागे सरकतं. आणि कौलांखाली जाळी ठोकलीच पाहिजे. उदमांजर कौल उचलून आत उतरतं. बाकी सगळं भक्कम करून लोक हीच जागा विसरतात.

चिकोडी, रायबाग, अथणीकडे लोखंडी अँगलची चौकट, दोन्ही लांब बाजूंचा वरचा अर्धा भाग जाळीचा, पत्र्याचं छप्पर आणि उन्हाळ्यात पत्र्यावर उसाच्या पाचटाचा किंवा कडब्याचा अर्धा फूट थर. नुसत्या पत्र्याखाली दुपारी कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. आपल्याकडची थंडी कोंबडीला सहज सोसते, उष्णता मारते.

तयार लाकडी खुराडी दिसायला सुबक असतात. पातळ पाइनच्या फळीची असतील तर घेऊ नका, पहिल्याच पावसाळ्यात फळ्या फुगून दार बसेनासं होतं. सागाचं लाकूड असेल तर प्रश्न नाही, पण किंमत पाहा. नीलगिरी वाळताना पिळते आणि फटी पडतात. बांबू बसायच्या दांड्याला उत्तम, भिंतीला नको, कारण घूस कुरतडते आणि चिवाट्यांमध्ये फटी राहतात. दांड्याला वापराल तेव्हा उघडी टोकं सिमेंटनं बुजवा. पोकळीत किडे घर करतात.

डालगं, म्हणजे बांबूची टोपली, खुडूक कोंबडीला आणि आठ दिवसांच्या पिल्लांना, तेही घरात. रात्री परसात ठेवायची ती वस्तू नव्हे.

टप्पा ५: पैसे देण्याआधीची तपासणी

सोबत न्या: टेप, स्क्रूड्रायव्हर, बॅटरी. पंधरा मिनिटं लागतात. दुकानदार घाई करत असेल तर उद्या या.

*जाळी.* कोंबड्यांची जाळी म्हणून विकली जाणारी षटकोनी, पिळाची जाळी कोंबड्या आत ठेवायला आहे, शिकारी बाहेर ठेवायला नाही. ती बहुधा २० ते २२ गेजची असते आणि कुत्रं दातानं ओढून फाडतं. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, इथे बरेच जण फसतात. १६ गेजची तार साधारण १.६ मिलिमीटर, १८ ची १.२, २२ ची जेमतेम ०.७. घ्यायची ती चौकोनी वेल्ड मेश, भोक अर्धा इंच, म्हणजे चार सूत, तार १८ गेज किंवा जाड. एक इंची भोकातून लहान साप आणि उंदीर सहज जातात, आणि उदमांजर पंजा घालून दांड्यावरच्या कोंबडीचा पाय ओढतं. करंगळी घालून बघा. टोक जाऊन अडकली तर माप बरोबर.

आता जोड तपासा. तार जिथे तारेला चिकटवलेली आहे तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून हलका पीळ द्या. चांगल्या जाळीची तार वाकते, जोड सुटत नाही. पाचपैकी एक जरी जोड टकदिशी सुटला तर ती जाळी सोडा. जोडावर जस्ताचा चकचकीत थर चढलेला असेल तर जाळी वेल्डिंगनंतर गॅल्व्हनाइज केली आहे, आणि ती जास्त टिकते. जोड काळसर दिसत असेल तर गंज तिथूनच सुरू होणार.

जाळी चौकटीच्या बाहेरून बसवलेली हवी. म्हणजे बाहेरून कुत्र्यानं धडक मारली तर जाळी चौकटीवर दाबली जाते. आतून लावलेली असेल तर तीच धडक तिला चौकटीपासून सोडवते. कडेनं लोखंडी पट्टी बसवून दर सहा इंचांवर स्क्रू किंवा रिव्हेट असावा. नुसत्या स्टेपल पिना किंवा बांधलेली तार चालणार नाही.

*चौकट.* अँगल एक इंची, ३ मिलिमीटर जाड. पाय दीड इंची आणि त्याहून जाड. चौकोनी पाइप असेल तर १६ गेजचा, आणि टोकं वेल्ड करून बंद केलेली. उघड्या पाइपात पाणी साठतं आणि तो आतून गंजतो, बाहेरून काही दिसत नाही. वरच्या कोपऱ्याला दोन्ही हातांनी धरून हलवा. कुरकुरलं किंवा झुललं तर तिरक्या पट्ट्या घालून घ्या. वेल्डिंगच्या जागेवर नखानं खरवडा. पपडी न काढताच रंग मारला असेल तर रंगासकट ती सुटून येते. ती घासून काढून रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन हात मारून द्यायला सांगा.

*दार.* शिकारी भिंत फोडत बसत नाही, दार शोधतो. दार बंद असताना खालच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, दोन बोटं घालून बाहेर ओढा. फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त उघडली तर दार कच्चं आहे. यावर उपाय एकच, वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या. नुसता हूक कुत्रं नाकानं उचलतं. कडी-कोयंडा आणि त्यात कुलूप किंवा आकडा हवा. चार फुटी दाराला बिजागऱ्या तीन. उंबऱ्याला चार इंची पट्टी, म्हणजे आतलं तूस बाहेर सांडत नाही.

कोंबड्यांचं लहान दार १२ इंच रुंद, १४ इंच उंच. वर सरकणारी फळी असेल तर ती खाली आल्यावर अडकवायला खीळ हवी, नाहीतर खालून उचलली जाते.

*छप्पर.* पत्रा ०.५ मिलिमीटरचा. अंगठ्यानं दाबल्यावर खळगा पडून तसाच राहिला तर तो पातळ आहे. उतार ४ फुटांना ९ ते १२ इंच. पुढे आलेली वळचण सगळीकडे एक फूट, खानापूरकडे पश्चिमेला आणि उताराच्या बाजूला दोन फूट.

*हवा.* दोन्ही लांब बाजूंना छपराखाली ९ इंच उंचीची जाळीची पट्टी सलग हवी, दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर. वारा वरून जातो, अंगावर येत नाही. पूर्ण बंद पेटीसारखं खुराडं सुरक्षित वाटतं, पण पावसाळ्यात आतली दमट हवाच कोंबड्यांना आजारी पाडते.

*तळ.* पायांवर उभं खुराडं असेल तर जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच. तळाला नुसती जाळी असेल तर तिच्याखाली काढता येणारा पत्र्याचा ट्रे हवाच, नाहीतर कुत्रं खालून बोटं चावतं. ट्रे रिकामा ओढून पाहा, लेंड्यांच्या वजनानं तो नंतर अडकतो.

*बॅटरीची परीक्षा.* ही संध्याकाळी उत्तम होते. पेटलेली बॅटरी आत ठेवा, दारं लावा, अंधारात चारही बाजूंनी फिरा. जाळी सोडून जिथे जिथे उजेडाची रेघ दिसते, छपराच्या कडेला, खोक्याच्या झाकणाखाली, कोपऱ्याच्या जोडात, तिथे खडूनं खूण करा. करंगळी जाईल एवढी प्रत्येक फट बुजवून मगच माल उचला.

फॅब्रिकेटरकडून करून घेणार असाल तर हे सगळं तोंडी सांगू नका. कागदावर चित्र काढा, मापं फूट-इंचात आणि मिलिमीटरमध्ये दोन्ही लिहा. जाळीचं भोक, गेज, कड्यांची संख्या, रंगाचे हात वेगवेगळ्या ओळींत लिहा. कारागीर कन्नड बोलणारा असेल तर “कोळी गूडु” म्हटलं की त्याला नेमकं काय हवं ते कळतं, बाकीचं काम चित्र करतं.

टप्पा ६: बसवणं

१. पायांच्या चार जागी एक फूट लांब-रुंद, दीड फूट खोल खड्डे घ्या. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरून त्यात अँकर पट्टी किंवा सळई उभी ठेवा. सात दिवस पाणी मारा. वळवाचा वारा रिकामं खुराडं उलटं करतो, म्हणून पाय पट्टीला बोल्टनं जखडायचे, नुसते टेकवायचे नाहीत.

२. काँक्रीट जमिनीपेक्षा चार इंच वर ठेवा, माथा बाहेरच्या बाजूला उतरता. पायाशी पाणी थांबलं नाही पाहिजे.

३. आतली जमीन मातीची असेल तर बुडाभोवती जाळीची पाळी घाला. अर्ध्या इंची जाळीची २ फूट रुंद पट्टी खुराड्याच्या बुडाला घट्ट बांधून बाहेरच्या दिशेनं आडवी पसरा, वर दोन-तीन इंच माती आणि चिऱ्याचे तुकडे. कुत्रं भिंतीलगतच उकरायला लागतं, जाळी लागली की सोडून देतं. दोन फूट मागे सरकून खणायचं त्याला सुचत नाही. ४ × ७ च्या खुराड्याला कोपऱ्यांसकट ३० फूट पट्टी लागते. ४ फूट रुंदीचा रोल उभा चिरून दोन पट्ट्या करा, म्हणजे १५ फूट रोल पुरतो.

४. पत्र्याची भोकं पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात नाही. जे-हुकखाली रबरी वॉशर घाला. दोन पत्र्यांचा जोड दीड पन्हळीचा, आणि वरच्या पत्र्याची उघडी कड पूर्वेकडे, म्हणजे झड जोडात घुसत नाही.

५. झडीसाठी लांब बाजूंना ताडपत्रीचा पडदा करायचा तर तो खालून वर ओढला जाईल असा बांधा. वरची ९ इंची पट्टी पावसातही उघडीच राहिली पाहिजे.

तपासा: छपरावर पाच मिनिटं पाइपनं पाणी सोडा, आत एकजण बॅटरी घेऊन बसू द्या. थेंब कुठे येतो ते आत्ता कळलेलं बरं.

सावधान: कुंपणात वीज सोडणं, विष घालणं, फास लावणं हे करू नका. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, साप यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विजेच्या तारेला माणसंही चिकटतात. खुराड्यात साप अडकला तर वन खात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवा.

टप्पा ७: आतली मांडणी

दांडा दोन इंच जाड, कडा गोल. जमिनीपासून दीड ते दोन फूट, मोठ्या जातींना एक फूट पुरे, कारण जड कोंबडी उंचावरून उडी मारून पाय दुखावून घेते. भिंतीपासून १२ इंच, दोन दांड्यांमध्ये १४ इंच. दोन्ही दांडे एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्या दांड्यासाठी रोज मारामारी. दांडा खाचेत ठेवा, खिळ्यानं ठोकू नका. काढून उन्हात टाकता आला पाहिजे.

अंड्यांची खोकी दांड्यापेक्षा खाली. कोंबडी सर्वांत उंच जागी झोपते. खोकं उंच असेल तर ती त्यात झोपते आणि अंडी घाण होतात.

खाली भाताचं तूस तीन इंच, आपल्याकडे गिरणीत सहज मिळतं. लाकडाचा बारीक भुसा नको, धूळ उडते. ओलसर पाचट तर नकोच, बुरशी धरते. तूस मुठीत दाबून सोडा: गोळा झाला तर ओलं आहे, काढा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा खालीवर करा आणि विरवलेल्या चुन्याची भुकटी पातळ भुरभुरून मिसळा.

दाणा आणि खरकटं रात्री आत ठेवू नका. घूस त्यासाठीच येते.

टप्पा ८: कोंबड्या हलवणं

ऑइल पेंटचा वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठ दिवस, खुराडं उघडं ठेवा. हलवण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक कोंबडी हातात घेऊन पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती उवा पाहा. आढळल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणि प्रमाण विचारून घ्या. शेतातलं कीटकनाशक अंगावर मारू नका. राणीखेत, म्हणजे मानमोडीची लस राहिली असेल तर तेही तिथेच विचारा.

हलवायचं अंधार पडल्यावर, सगळ्या एकाच रात्री. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती गोंधळ न करता दांड्यावर बसवली तिथे बसून राहते. जुनं खुराडं त्याच संध्याकाळी मोडा किंवा पूर्ण बंद करा. उघडं राहिलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या तिथेच.

तीन दिवस आतच ठेवा, दाणापाणी आत द्या, उन्हाळ्यात पाणी दोनदा बदला. चौथ्या दिवशी सूर्यास्ताच्या तासभर आधी सोडा. लांब जायला वेळ मिळत नाही आणि अंधार पडताना त्या आपोआप नव्या घरी वळतात. खोक्यात एखादं लाकडी किंवा गारगोटीचं अंडं ठेवा, अंडी कुठे घालायची ते कळतं.

खुडूक बसलेली कोंबडी यात हलवू नका. पिल्लं बाहेर येईपर्यंत तिला डालग्यात, घरात, होती तिथेच राहू द्या. बाजारातून नवी आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा, आणि थोड्या दिवसांत एकामागून एक कोंबड्या मरायला लागल्या तर मेलेली कोंबडी कापू किंवा फेकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

पहिल्या पावसाळ्यात

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री, पाऊस चालू असतानाच, एकदा आत बॅटरी मारा. कोंबड्या दांड्याच्या एकाच टोकाला दाटून बसल्या असतील तर दुसऱ्या टोकाला झड किंवा थेंब येतोय.

रोज सकाळी दार उघडल्याबरोबर डोकं आत घाला. डोळे चुरचुरले तर तूस ओलं आहे किंवा पडदा वरपर्यंत ओढला गेलाय. दार लावताना खालची कडी हातानं चाचपा; घरातल्या पोरांना वरची एकच कडी लावायची सवय लागते.

महिन्यातून एकदा दांडे काढून उन्हात टाका आणि खाचांतून पांढरा कागद फिरवा. बुडाभोवती चक्कर मारून पाळीवरची माती कुठे उकरली आहे का बघा, तिथे चिरा दाबा.

गणपतीनंतर उघडीप मिळाली की चारही पायांच्या तळाशी तोच स्क्रूड्रायव्हर टोचा. रंग उडालेली जागा घासून त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा, परतीच्या पावसाआधी वाळायला दोन कोरडे दिवस लागतात.